क्लच प्लेट पुन्हा जळाली? नवी टाकण्याआधी गिअरचं बघा

कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. माझं गॅरेज या रस्त्याच्या कराडकडच्या टोकाला आहे. गणपती झाले की किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की एकाच तक्रारीच्या गाड्या दारात लागतात. घाटात गाडी ओढत नव्हती, रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडत होतं, आणि वर येईपर्यंत काहीतरी जळाल्याचा वास सुटला होता. खोलून बघितलं की क्लच प्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी-सोडणारी चकती, गेलेली असते. नवी टाकायची, बिल घ्यायचं, काम संपलं.

पण काही गाड्या वर्ष-दीड वर्षात तेच रडगाणं घेऊन परत येतात. मालक म्हणतो, मागच्या वेळी प्लेट डुप्लिकेट टाकली. मिस्त्री म्हणतो, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. दोघंही अर्धवट बरोबर असू शकतात. पण बऱ्याच वेळा खरा घोळ क्लचमध्ये नसतो, गिअरबॉक्समध्येही नसतो. गिअरबॉक्सचं काम क्लचकडून करून घेतलेलं असतं, आणि क्लच त्या कामासाठी बनलेलाच नसतो.

एक उदाहरण सांगतो. एक शिक्षक आहेत, राहायला कराडला, गाव चिपळूणच्या अलीकडे. बाराशे सीसीची छोटी पेट्रोल गाडी. महिन्यातून दोनदा गावी जाणं, आणि येताना डिकीत तांदूळ, नारळ, हंगामात आंब्याच्या पेट्या. पहिली प्लेट गेली २२,००० किलोमीटरला, ती दुसरीकडे बदलली होती. दुसरी गेली ३९,०००ला, ती मी बदलली. तिसऱ्यांदा आले तेव्हा काट्यावर ५४,००० होते. नीट चालवलेल्या छोट्या गाडीची प्लेट लाखाच्या आसपास सहज जाते. म्हणजे सरांनी एका प्लेटीच्या आयुष्यात तीन संपवल्या, आणि त्यातली एक मी काही न विचारता मुकाट्याने टाकून दिली होती. ती चूक माझी.

तिसऱ्या वेळी गिअरबॉक्स उतरवला आणि सरांना आत बोलावून दाखवलं. प्लेटीचं लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलं होतं, उरलेल्या भागावर काचेसारखी चकाकी आली होती. फ्लायव्हीलच्या, म्हणजे ज्याला ही प्लेट चिकटते त्या इंजिनाच्या जड चाकाच्या, तोंडावर निळे चट्टे आणि केसाएवढ्या बारीक भेगा. लोखंड असं निळं पडतं ते नुसत्या झिजेने नाही, तापल्यामुळे. ऑइल सील कोरडं होतं, म्हणजे प्लेटीवर तेल आल्याचाही प्रश्न नव्हता. नवा सेट टाकला आणि म्हटलं, "सर, पुढच्या वेळी गावाहून येताना मला फोन करा. मी चिपळूणला माल आणायला येणारच आहे. तुमच्याबरोबर परत येतो."

"माझी परीक्षा घेता काय मिस्त्री?" सर हसले, पण घेऊन आले.

घाट सुरू झाला. सर गाडी थर्डमध्ये चढवत होते. सरळ रस्त्यावर ठीक चाललं होतं. पहिलं तीव्र वळण आलं, पुढे ट्रक, वेग पंधरावर आला. इंजिन थरथरायला लागलं तसा सरांचा डावा पाय क्लचवर गेला, अर्धाच, उजव्या पायाने रेस. गाडी कुरकुरत उचलली. वळण संपलं, पाय सुटला. पुढच्या वळणाला परत तेच.

"सर, सेकंड का टाकत नाही?"

"खालचा गिअर टाकला की ॲव्हरेज पडतं हो. आणि इंजिन ओरडतं. थर्डमध्ये चढते ना गाडी."

"आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा, काटा बघा. दोन हजार. वेग पंधरा. थर्डमध्ये पंधराच्या वेगाला काटा किती हवा?"

सर गणिताचे शिक्षक. गप्प झाले आणि बाजूला गाडी घेऊन म्हणाले, "आकडे सांगा."

तेच आकडे इथे मांडतो. गिअरबॉक्स का लागतो हे एकदा समजलं की बाकीचं निदान आपोआप सुटतं.

या गाडीचं टायर १६५/८० आर १४. त्याचा घेर होतो सुमारे १.९५ मीटर, म्हणजे चाकाचा एक फेरा झाला की गाडी जवळजवळ दोन मीटर पुढे. ताशी १०० ने जाताना चाक मिनिटाला साधारण ८५५ फेरे घेतं. आता इंजिन बघा. ते न्यूट्रलमध्ये नुसतं उभं असलं तरी आठशेच्या आसपास फिरत असतं, आणि जास्तीत जास्त सहा हजारांपर्यंत जातं. आठशेच्या फार खाली गेलं की बंद पडतं. चाकाचं तसं नाही. चाकाला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

समजा गिअर, क्राउन पिनियन (गिअरबॉक्स आणि चाक यांच्यामधली शेवटची दातरी जोडी) सगळं काढून टाकलं आणि इंजिनाचा दांडा थेट चाकाला जोडला. मग इंजिन न्यूट्रलच्या वेगाने फिरत असतानाच गाडी ताशी ९३ ने धावायला हवी. त्याहून हळू चालवायची म्हटली तर इंजिन बंद. आणि सहा हजारांवर नेलं तर गाडी ताशी ७०० ने! वेग असा कागदावर भरमसाट, पण गाडी जागची हलणारच नाही, कारण तेवढी ओढ नसते. बाराशे सीसीच्या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, ११० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तोही चार हजार फेऱ्यांच्या जवळ. थेट जोडणीत चाकाच्या कडेला त्याची ओढ भरते अवघी ३६ किलो. गाडी, चार माणसं, तांदूळ-नारळ धरून वजन १,२५० किलो. बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ धरला तर नुसतं वजन वर ओढायला १०४ किलोची ओढ लागते. टायरचा आणि बाकीचा अवरोध मिळवला की १२०. हातात आहेत ३६.

शेतात मोठा दगड हलवायचा असेल तर आपण पहार घालतो. पहारीचं लांब टोक हातभर दाबलं की दगड बोटभर हलतो, पण हलतो. ताकद वाढली, अंतर घटलं. गिअर म्हणजे सतत गोल फिरणारी पहार. छोटं दातरी चाक मोठ्या चाकाला फिरवतं, फेरे कमी होतात आणि त्याच पटीत पीळ वाढतो.

सरांच्या गाडीसारख्या गाडीत हा गुणाकार, क्राउन पिनियन धरून, साधारण असा असतो: फर्स्टला १४ पट, सेकंडला साडेसात, थर्डला पाच-सव्वापाच, फोर्थला पावणेचार, फिफ्थला तीन. तुमच्या गाडीत थोडं इकडेतिकडे असेल. ३६ किलोला या पटीने गुणा. फर्स्टमध्ये ओढ पाचशे किलो, सेकंडमध्ये पावणेतीनशे, थर्डमध्ये १८७, फोर्थमध्ये १३५, फिफ्थमध्ये १०८. चढाला हवेत १२०. म्हणजे फिफ्थमध्ये इंजिनाने जीव काढला तरी ती गाडी त्या चढावर वेग धरू शकत नाही. इंजिनात बिघाड नाही, नवं इंजिन टाकलं तरी तेच होईल. फोर्थमध्ये कशीबशी धरेल, पण काटा चार हजारांजवळ असेल तरच, म्हणजे ताशी सव्वाशेच्या वेगाला. घाटात सव्वाशेने कोण जाणार?

इथेच पुष्कळ जण फसतात. गाडीच्या पुस्तकातला टॉर्कचा आकडा सगळ्या फेऱ्यांना मिळतो असं ते धरून चालतात. हजार-बाराशे फेऱ्यांना छोटं पेट्रोल इंजिन त्या आकड्याच्या बरंच खाली असतं, आणि हजाराच्या खाली तर ते स्वतःचाच तोल सांभाळत असतं.

आता सरांचं वळण. थर्डमध्ये हजार फेऱ्यांना गाडीचा वेग भरतो साडेबावीस. वेग पंधरा झाला म्हणजे इंजिनाने सहाशे सत्तरच्या आसपास फिरायला हवं. तेवढ्यावर ते चालत नाही, म्हणून थरथर. सर क्लच अर्धा दाबून इंजिनाला दोन हजारांवर नेतात. एका बाजूला फ्लायव्हील २,००० ने फिरतंय, दुसऱ्या बाजूला प्लेट ६७० ने. मधले १,३३० फेरे एकमेकांवर घासतायत.

आणि एक गोष्ट क्लचबद्दल सहसा कोणी सांगत नाही: क्लच पीळ वाढवत नाही. एका बाजूने जेवढा आला तेवढाच दुसऱ्या बाजूला देतो. फेरे मात्र गिळतो. गिअर फेरे घेऊन त्या बदल्यात पीळ देतो, क्लच फेरे घेऊन त्या बदल्यात उष्णता देतो. त्या वळणावर सरांच्या इंजिनाने काढलेल्या कामाचे तीन वाटे केले तर एक चाकाला पोचत होता आणि दोन प्लेटीत जळत होते. हिशोब केला तर ते दोन वाटे भरतात दहा किलोवॅटच्या जवळ. घरातल्या हजार वॉटच्या दहा इस्त्र्या एकाच वेळी चालू करून जेवणाच्या ताटाहून लहान चकतीवर ठेवल्यासारखं. एका वळणाला चार-पाच सेकंद, घाटात अशी वळणं कितीतरी, महिन्यातून दोन खेपा. प्लेट डुप्लिकेट असती तर २२,०००पर्यंतही पोचली नसती.

तेच वळण सेकंडमध्ये घेतलं तर पंधराच्या वेगाला काटा हजाराच्या जवळ असतो. तेवढ्या फेऱ्यांना इंजिन अर्ध्या-पाऊण ताकदीचं असलं तरी साडेसात पटीने गुणून चढाला लागणाऱ्या ओढीपेक्षा बरंच जास्त देतं. वीस-पंचवीसचा वेग असेल तर काटा दीड हजारावर, आणि गाडी हसत चढते. क्लच पूर्ण सुटलेला. अर्ध्या क्लचने जे फेरे सर प्लेट जाळून विकत घेत होते, ते सेकंड गिअर फुकट देत होता.

"म्हणजे मी क्लचचा गिअरबॉक्स केला," सर म्हणाले. मला हे इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

ॲव्हरेजचं म्हणाल तर तेही सरांनी तिथेच काढलं. समजा सहाशे मीटर चढायचे आहेत. साडेबाराशे किलो तेवढं उचलायला जे काम लागतं ते गिअर कोणताही टाका, तेवढंच. इंजिनाची कार्यक्षमता चौथा हिस्सा धरली तर लिटरभराच्या आत-बाहेर पेट्रोल जाणारच. सेकंड टाकल्याने फार तर थोडं इकडेतिकडे होईल. उलट वरच्या गिअरमध्ये एक्सलरेटर तळाला टेकवला की बरीच पेट्रोल इंजिनं मिश्रणात पेट्रोल वाढवतात, शिवाय क्लचमध्ये जळलं ते वेगळंच. वाचवलेलं पेट्रोल पन्नास रुपयांचं, क्लच सेट हजारोंचा. वरच्या गिअरने ॲव्हरेज वाढतं हे सपाट रस्त्यावर खरं आहे, घाटात नाही.

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझने १८८६मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला चढासाठी खालचा गिअर नव्हता. ऑगस्ट १८८८मध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, चढ आला की उतरून गाडी ढकलायची. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेत चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. आपल्या गाडीत तो आहे. टाकायचा कंटाळा आपला.

सगळ्याच वाहनांना गिअरबॉक्स लागतो असंही नाही, आणि हे बघितलं की मुद्दा जास्त उमगतो. वाफेचं इंजिन आणि विजेची मोटर उभ्या जागेवरून, शून्य फेऱ्यांपासूनच जोरदार पीळ देतात. त्यांना बंद पडण्याची भीती नसते. म्हणून कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर गिअर पाडत नाही. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ, तिथे कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. विजेच्या मोटारींतही बहुतेक वेळा एकच ठरलेला गिअर असतो, क्लच नसतोच. उलट टोकाला ट्रक. त्याचं डिझेल इंजिन सहाशेपासून अडीच हजारांपर्यंतच फिरतं, आपल्या पेट्रोल गाडीपेक्षा पल्ला बराच तोकडा, आणि वजन कितीतरी पट. म्हणून त्याला सहा, नऊ, कधी त्याहून जास्त गिअर. घाटात भरलेला ट्रक चालण्याच्या वेगाने चढतो तेव्हा आपण मागून हॉर्न मारतो, पण त्या ड्रायव्हरचा डावा पाय बघा. क्लचपासून लांब असतो.

आता निदान. तुमच्या गाडीलाही ही तक्रार असेल तर प्लेटची ऑर्डर देण्याआधी आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा एकत्र बघा. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

क्लच पूर्ण सुटलेला असताना एक्सलरेटर दाबला, आरपीएमचा काटा वर पळाला पण वेग तिथेच राहिला, तर क्लच सरकतोय, प्लेट गेलीच. खात्री करायची तर सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसला फोर्थ टाका आणि एक्सलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग हातात हात घालून हळूहळू चढले तर क्लच ठीक. काटा एकटाच उडाला तर नाही. हँडब्रेक ओढून, थर्ड टाकून, हळूहळू क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही जुनी चाचणीही चालते. पडलं तर प्लेट धरतेय. पण ही एकदाच करा. पाच-सहा वेळा केलीत तर चाचणीनेच प्लेट जाईल.

याच्या उलट, काटा वर जातच नाही, खाली येतो, गाडी थरथरते, इंजिनातून कडकड असा आवाज येतो, तर गिअर चुकीचा आहे. एक गिअर खाली टाका. तक्रार गेली तर गाडी ठीक आहे. असं दाबून चालवण्याने इंजिन माउंटिंगही लवकर जातात. आणि छोट्या टर्बो पेट्रोल गाडीत कमी फेऱ्यांना एक्सलरेटर तळाला टेकवणं तर पिस्टनसाठीच वाईट.

सेकंड टाकला, एक्सलरेटर पूर्ण दाबला, तरी काटा अडीच-तीन हजारांच्या वर रेंगाळतच जातो, तर मात्र इंजिनाकडे बघायला हवं. एअर फिल्टर, प्लग, इग्निशन कॉइल, टर्बो असेल तर त्याचा फाटलेला होज, जुन्या गाडीत कोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इथे क्लच बदलून काही होणार नाही, आणि दुर्दैवाने अशाही गाड्यांना क्लच बसवलेले मी पाहिले आहेत.

चौथी शक्यता लोकांच्या डोक्यातच येत नाही: ब्रेक चिकटलेला असणं. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक जपून वापरत चला, थांबा, आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. चिकटवू नका, नुसता जवळ. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय. गाडी ओढत नाही म्हणता, खरं तर तुम्ही ब्रेक लावून चढताय.

क्लच खोलायचाच झाला तर नुसती प्लेट बदलू नका. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकाच वेळी घ्या, फ्लायव्हीलचं तोंड तपासून घ्या, ऑइल सीलजवळ ओल आहे का बघायला सांगा. केबलचा क्लच असेल तर पेडलला थोडा ढिलेपणा लागतो. तो नसेल तर प्लेट कायम किंचित सुटलेली राहते आणि तुम्ही कितीही नीट चालवलं तरी जळते. जुना माल डिकीत टाकायला सांगा. त्यावर निळे चट्टे असतील तर चूक कुठे आहे ते तुम्हाला कळलंय आता.

चालवण्यात काय बदलायचं, तर फार थोडं. गिअर वळणाच्या आधी पाडायचा, वळणात नाही. वळण दिसलं की सेकंड, मग स्टेअरिंग. चालत्या गाडीत खालचा गिअर टाकताना क्लच दाबलेला असतानाच एक्सलरेटरला हलका स्पर्श द्या, इंजिनाचे फेरे आधीच वर आले की गाडी झटका देत नाही. जुने एसटी आणि ट्रकवाले डबल क्लच मारायचे, म्हणजे एक गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचे, ते याच कारणासाठी. दात जुळवून घेणारा सिंक्रोमेश कॅडिलॅकने १९२८मध्ये आणला आणि मोटारवाल्यांची त्या कसरतीतून सुटका झाली. तरीही चालत्या गाडीत फर्स्ट पुष्कळदा अडतो. तेव्हा जबरदस्ती नको, गाडी पूर्ण थांबवून टाका.

चढावर थांबलात तर हँडब्रेक. क्लच आणि एक्सलरेटरचा तोल साधून गाडी जागच्या जागी तरंगत ठेवणं ही कला लोक अभिमानाने दाखवतात. ती कला साडेतीन किलोवॅटची आहे. सरांच्या गाडीचंच वजन आणि तोच चढ धरून सांगतोय. आणि सुटताना फर्स्टच. सपाटीवरसुद्धा सेकंडमध्ये गाडी उचलली तर प्लेटीत फर्स्टच्या जवळजवळ साडेतीन पट उष्णता जाते, कारण क्लच पूर्ण सुटेपर्यंत गाडीला जवळपास दुप्पट वेग गाठावा लागतो, आणि वेग दुप्पट म्हणजे काम चौपटीकडे.

उतरताना ज्या गिअरमध्ये ती बाजू चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. ब्रेक तापून पेडल मऊ पडण्याचा धोका वेगळा, आणि तो क्लचच्या खर्चासारखा पैशात मोजता येणारा नाही.

सरांची गाडी परवा सर्व्हिसिंगला आली, काट्यावर ९७,००० होते. प्लेट तीच, ५४,०००ला टाकलेली. पेडल अजून खालीच पकडतं, म्हणजे प्लेट शाबूत आहे. जाताना म्हणाले, "मुलाने पुण्यात ऑटोमॅटिक घेतलीय. तिला तरी क्लच नसतो ना?"

कोणती, म्हणून विचारलं तर एएमटी. तिला क्लच असतो, सर. पेडल तेवढं काढलेलं असतं. आत हाच गिअरबॉक्स, हीच प्लेट, फक्त दाबायचं-सोडायचं काम मोटर करते. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक न लावता एक्सलरेटरवर गाडी धरून ठेवली की ती मोटर मुकाट्याने हाफ क्लच मारत राहते, आणि वास आला की गाडी स्क्रीनवर क्लच तापल्याचा इशारा देते. मुलाला सांगा, घाटात मॅन्युअलवर टाकून सेकंड धरून ठेव, आणि थांबलास की ब्रेक.